उजव्या चाकाचा पाईप

सोयाबीन निघालं की आमच्या अहमदपूरच्या हवेला एक वास येतो. धुळीचा म्हणावा तर धुळीचा नाही, शेंगांचा म्हणावा तर तसाही नाही. मळणीयंत्रं दिवसभर घुमत असतात, गुळी, म्हणजे शेंगांचा भुसा, उडत असते, आणि खिडक्या कितीही लावा, भांड्यांवर बारीक पिवळट थर बसतोच. शिंका येतात, डोळे चुरचुरतात. तरी मला हा वास आवडायचा. दसरा आला, झेंडू आले, लेक माहेरी येणार, असा त्याचा अर्थ होता. गेल्या वर्षापासून तो पार बदलून गेला. आता पहिलं मळणीयंत्र सुरू झालं की माझ्या छातीत धस्स होतं.

यंदा तेच झालं. मी ओट्यापाशी पोहे निवडत होते, मालक बाजेवर पेपर वाचत होते. शिवाराच्या बाजूनं घुमल्याचा आवाज आला. माझा हात सुपातच थांबला. तिकडं पेपर खाली आला. आम्ही एकमेकांकडं पाहिलं. गेल्या वर्षी याच दिवसांत आम्ही एका बाईच्या जिवावर उठलो होतो.

आमचे मालक शाळेत पीटीचे मास्तर होते. सगळा गाव त्यांना सर म्हणतो. आयुष्यभर पोरांना सावधान-विश्राम शिकवलं, स्वतः कधी विश्राममध्ये उभे राहिले नाहीत. सत्तरी ओलांडली तरी पाठ ताठ. असल्या शिस्तीच्या माणसाला एकच नाद लागला, आणि तो एका लाल गाडीचा. नांदेडच्या एका हौशी माणसानं ती शर्यतीत पळवली होती. बसकी, रुंद, मागं पट्टी लावलेली. कंपनीनं ते मॉडेल कधीच बंद केलं. यांनी ती जुनीच घेतली आणि दारात आणून उभी केली, तेव्हा मी कपाळाला हात लावला होता. म्हटलं, "या वयात शर्यतीत उतरायलात का काय?" तर म्हणे, "बसून तर बघ." बसले. खोटं कशाला बोलू, गाडी निघाली तेव्हा मी सीटची कड गच्च धरली आणि मजाही वाटली. लातूरला लेकीकडं जायचं म्हणजे मी मुद्दाम पुढं बसायची.

त्या गाडीचे लाड किती! आणि सगळ्यात मोठा लाड दसऱ्याला. खंडेनवमीच्या आधी आमच्याकडं यच्चयावत वाहनं धुतात. ट्रॅक्टर, जीप, मोटरसायकली, सगळ्यांची रांग लागते. गाडी रॅम्पवर चढवायची, खालून पाण्याचा जोरदार फवारा मारायचा आणि ती वाळली की डिझेलमध्ये जळकं ऑइल मिसळून त्याचाही फवारा मारायचा. गंज धरत नाही म्हणून. हे सगळेच करतात. पण मालक एवढ्यावर थांबायचे नाहीत. बाह्या वर करून स्वतः खाली शिरायचे आणि फवारा मारणाऱ्याला सांगायचे, "हिकडं मार. चाकाच्या मागं. त्या पायपावर चांगलं मार, रबर मऊ राहातंय." मी नाकाला पदर लावून लांब उभी. "माझ्या गुडघ्याला कधी इतक्या मायेनं तेल लावलं न्हाई तुम्ही," असं म्हणून घ्यायची. ते हसायचे. गाडी खालून काळी कुळकुळीत होऊन चमकायला लागली की त्यांच्या चेहऱ्यावर मोठं समाधान दिसायचं.

हे त्यांच्या मनानं घेतलं होतं ते सासऱ्यांवरून. सासरे पोळ्याच्या आधी बैलांच्या गळ्यातले चामडी पट्टे काढून ओळीनं मांडायचे आणि बोटांनी तेल पाजायचे. चामडं तेल पितं, मऊ राहतं, तडकत नाही. लहानपणी मालक शेजारी बसून तेच करायचे. पुढं बैल गेले, पट्टे गेले, गाडी आली. गाडीला चामडं नाही, पण रबर होतं. मग तेल रबराला. बापाचं बघून शिकलेलं, त्यात काही वावगं असेल हे कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. माझ्याही आलं नाही.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर आम्ही दोघं नांदेडला निघालो होतो, नातवंडांना कपडे घ्यायला. गाडी नुकतीच धुऊन, डिझेल मारून आणलेली. अहमदपूर सोडलं की लोह्याच्या अलीकडं एक लांब उतार आहे. बाजूच्या पट्टीवर लोकांनी सोयाबीन वाळत घातलेलं, कडेला गुळीचे ढीग. पुढं ट्रॅक्टरची ट्रॉली चाललेली. मी पिशवीत चष्मा शोधत होते. मालक म्हणाले, "आरं?" एवढंच. मी वर पाहिलं तर ती ट्रॉली जवळ यायला लागली होती, आणि आमची गाडी काही हळू होईना. मी डोळे गच्च मिटले, पदर तोंडावर घेतला आणि अंबाबाईला हाक मारली.

मोठा आवाज झालाच नाही. भस्स झालं आणि अंधार. डोळे उघडले तर काचेवर सगळी गुळीच गुळी. गाडी डावीकडच्या ढिगात अर्धी शिरली होती. मालक दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून बसलेले, उजवा पाय अजून खाली दाबलेला, कशावर ते मला दिसलं नाही. म्हणाले, "मी दाबला होता गं. दगडासारखं झालं पायडल. गाडी थांबंना." आम्ही हातपाय चाचपले. दोघं धड. मी म्हटलं, वाचलो बाई.

तेवढ्यात बाहेर एक बाई दिसली. सोजरबाई नाव तिचं, ते नंतर कळलं. हातात पाण्याचा तांब्या, अनवाणी, तोंड उघडं. ती आमच्याकडं बघत नव्हती, चाकाकडं बघत होती. आम्ही उतरून पाहिलं. पुढच्या चाकाखाली फडक्यात बांधलेली भाकर होती, ठेचा होता, आणि चपलांचा जोड होता.

"आत्ता हितं बसले होते की ओ मी," ती म्हणाली. "ठसका लागला म्हणून पाण्याला उठले. आत्ता!"

मग ती मटकन खाली बसली आणि हसायलाच लागली, आणि हसता हसता तांब्यातलं पाणी सांडलं. मी तिला धरलं. धरलं म्हणते, पण आधार मीच घेत होते. मालक वाकले, चाकाखालून ते फडकं ओढून काढलं, भाकरीवर टायरची नक्षी उठली होती. घरी आल्यावर गाडीची चावी त्यांनी देवळीत ठेवली आणि परत हात लावला नाही. कुणी काढून घ्यायच्या आधी स्वतःच ठेवली.

आता आमचा मुलगा, संदीप. पुण्याला असतो, जिवाचा चांगला आहे, पण बोलायला लागला की ऐकणारा गार. त्यानं गावातला मेकॅनिक पाठवला. त्यानं गाडी अंगणात पुढंमागं केली आणि सांगितलं, ब्रेक तर लागतोय. झालं! निकाल लागला. "अप्पा, वय झालं की होतं असं," संदीप फोनवर म्हणाला, "ब्रेक समजून पाय ॲक्सिलरेटरवर पडतो. लाजायचं काय त्यात?" शेजारीपाजारी येऊन हेच सांगून गेले, फक्त आवाज बारीक करून. जाताना मात्र प्रत्येक जण म्हणायचा, "पण सर, ट्रॉली चुकवून गाडी बरोबर ढिगात घातली. मानलं तुम्हाला." असं कुणी म्हटलं की मालक उठून आत निघून जायचे. मला वाटायचं, कौतुक सोसत नाही.

आणि मी काय केलं? मी सरळ खोटं बोलले. सगळ्यांसमोर म्हणाले, "मी बघितलं ना डोळ्यांनी. ब्रेकवरच होता पाय." संदीप म्हणाला, "आई, तू अप्पांचीच बाजू घेणार." मग तर मला चेवच आला. म्हटलं, "तपकिरी सँडल होती, ब्रेकवर होती, अजून काय सांगू?" डोळे मिटलेल्या बाईनं सँडलचा रंगसुद्धा सांगितला. दुसऱ्या कुणी नाही, निदान या माणसानं तरी स्वतःवर विश्वास ठेवावा, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी देवाची शपथ घ्यायची वेळ आली असती तर घेतलीही असती.

पण तो विश्वासच तर उडत चालला होता. हिवाळाभर ते बाजेवर बसून उजवा पाय जमिनीवर दाबून बघायचे. दाबायचे, सोडायचे, पायाकडं बघत राहायचे. एकदा मला विचारलं, "मी गोळी घेतली का गं सकाळची?" घेतली होती. पुन्हा थोड्या वेळानं तेच. लातूरच्या डॉक्टरांनी बोट नाकाला लावायला सांगितलं, सरळ रेषेत चालायला लावलं, म्हणाले काही नाही. यांचं समाधान नाही. एके दिवशी पाटीवरची उजळणी केल्यासारखं म्हणाले, "बाई जिती हाय. पण तिच्या जाग्यावरून मी गाडी नेली. पाय माझा चुकला का न्हाई, तेवढं मला कळंना झालंय." हे मला ऐकवेना. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी उगाच घासली. संदीपनं पुण्याला या म्हणून धोशा लावला होता आणि हा माणूस हळूहळू हो म्हणायला लागला होता. अहमदपूर सोडून! स्वतःचं मन आता भरवशाचं नाही, असं धरून चालला होता.

वर्षाला, म्हणजे आमच्या लेकीला, गाडीचं वेड बापाकडून आलंय. ती म्हणाली, "पुण्याचं पुढं बघू. गाडी मी लातूरला नेते. नुसती उभी राहून सडायली. पण जुने ब्रेकचे पाईप मी ठेवणार न्हाई, सगळे बदलणार." तिनं वरून स्टीलची जाळी असलेले पाईप मागवले. शर्यतीच्या गाड्यांना घालतात तसले, कितीही दाब आला तरी फुगत नाहीत म्हणे. पहिला संच आला, त्याचे आटे जुळेनात. जुन्या गाडीचं सगळंच निराळं. तो परत पाठवला, दुसरा आला. मग नट, तांब्याचे वायसर, नवं ब्रेक ऑइल, असं सगळं गोळा करून ऐन दसऱ्याच्या गर्दीत गाडी टेम्पोवर चढवली आणि आम्ही नांदेडला मेकॅनिक इरफानभाईंकडं गेलो. ही गाडी पहिल्यापासून त्यांच्या हाताखालची. गाडी वापरात होती तेव्हा आम्ही दसऱ्याला धुवायलाही त्यांच्याच रॅम्पवर यायचो. माणूस बडबड्या, फुशारकी मारणारा. "आई, ही गाडी म्हंजे माझी पोरगी हाय," असं प्रत्येकाच्या गाडीबद्दल म्हणणारा.

मालक यायला तयार नव्हते. शेवटी आले, पण शेडच्या दारात स्टुलावर बसून राहिले.

पुढच्या उजव्या चाकाच्या पाईपाचा नट निघता निघेना. इरफानभाईंनी तेल टाकलं, ठोकलं, शिव्या घातल्या, मग तो पाईपासकट पिळवटून आला. वरचं रबर हाताला चिकटत होतं, गुळाच्या पाकासारखं. वर्षानं सहज कंप्रेसरची नळी एका टोकाला धरली आणि हवा सोडली. दुसऱ्या टोकातून काहीच निघेना. पुन्हा सोडली. नाही. इरफानभाई म्हणाले, "कचरा असंल." त्यांनी सुरी घेतली आणि पाईप उभा चिरला.

आत भोकच नव्हतं. रबर सुजून सुजून आतल्या आत मिटलं होतं, आणि एक पापुद्रा सुटून आडवा बसला होता. इरफानभाईंच्या तोंडून एवढंच निघालं, "या अल्ला." मी जे वर्षभर खोटं सांगत होते, ते तिथं खरं होऊन पडलं होतं. सुरीनं चिरून. माझ्या समोर.

"मंजे ब्रेक दाबला तरी त्याचं तेल पुढं जाणारच नाही," वर्षा म्हणाली. "अप्पा, तुम्ही दाबला होता!"

डावा पाईपही चिरला. तो सुजला होता, पण त्यात भोक शिल्लक होतं. इरफानभाई हाताने दाखवत म्हणाले, "उजवं बंद, डावं चालू. ब्रेक मारला की गाडी डाव्या अंगाला वढणारच." मालक आता उठून आत आले होते. त्यांनी तो चिरलेला पाईप हातात घेतला, अंगठ्यानं दाबला. अंगठा आत रुतला. मला वाटलं, आता हसतील, ओरडतील, संदीपला फोन लाव म्हणतील. त्यांनी विचारलं, "रबर सुजतंय कशानं?"

"तेल पितं ना ते. डिझेल..." इरफानभाई बोलता बोलता थांबले.

बाहेर रॅम्पवरून आवाज येत होता. फुस्स. फुस्स. दसऱ्याची रांग होती, कुणाच्या तरी गाडीला खालून डिझेल मारणं चालू होतं. मग इरफानभाई असे धावले, त्यांच्या वयाच्या माणसाला मी तसं धावताना पाहिलेलं नाही. "बंद करो! अरे बंद करो ते!" लोक बघायला लागले. एक जण म्हणाला, "का ओ चाचा, दरसाल तर मारता." इरफानभाईंनी फवाऱ्याची नळीच हिसकावून घेतली. इतक्या वर्षांच्या किती गाड्या त्यांच्या डोळ्यांसमोरून गेल्या असतील, त्यांनाच ठाऊक.

मालक तसेच उभे होते. म्हणाले, "मीच सांगायचो. पायपावर मार, मऊ राहातंय." मग अगदी हळू, "लई मऊ झालं." पाय निर्दोष सुटला आणि त्याच दमात हात सापडले. दरवर्षी मायेनं, बाह्या वर करून, एकेक थर चढवला होता त्यांनी. आणि मी बाजूला उभी राहून थट्टा करत होते.

नवे पाईप बसले. मग पाईपांतली हवा काढायची वेळ आली. त्याला एक माणूस चाकापाशी लागतो आणि एक आत बसून पायडल दाबायला. वर्षा चाकापाशी बाटली आणि नळी घेऊन बसली. इरफानभाई अजून बाहेर रांगेतल्या लोकांशी बोलत होते. वर्षा माझ्याकडं न बघता म्हणाली, "अप्पा, बसा आत." ते हलेनात. "अप्पा, मला एकटीला न्हाई जमणार." ते गेले. दार उघडलं, वाकून बसले. तपकिरी सँडल. या वेळी मी खरंच बघत होते, डोळे फाडून.

"दाबा. अजून. धरून ठेवा. सोडू नका हां."

"धरलाय," आतून आवाज आला.

नळीतून बुडबुडे निघाले, मागून काळपट तेल, मग स्वच्छ. चारी चाकांना तेच. शेवटी शेवटी त्यांचा आवाज पीटीच्या मैदानावरचा झाला. "धरलाय! सोडलाय! धरलाय!" शेडमधले लोक वळून बघायला लागले. मी पदरानं नाक पुसलं. डिझेलच्या वासानं, असं कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

दसऱ्याच्या सकाळी मी भाकरी थापल्या, ठेचा केला आणि फडक्यात बांधला. चपलांचा नवा जोड घेतला. वर्षानं गाडी चालवली. उतार संपला तिथं सोजरबाई गुळी सारत होती. गाडी बघितली आणि टुणकन चार पावलं मागं सरली. मालक उतरले, शर्ट नीट केला आणि सगळं तिला सांगितलं. पाईप, रबर, डिझेल. सावधानमध्ये उभं राहून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, फडकं सोडून भाकरीकडं पाहिलं आणि म्हणाली, "मंजे पाय तुमचा चुकला नव्हता."

"पाय न्हाई. हात चुकला."

"असू द्या आता. बसा, चार घास खा मह्यासंगं. पण ढिगाच्या पल्याडच्या अंगाला बसा."

जेवणाआधी मालक म्हणाले, "एकदा करून बघतो." मला कळलं. मी पुढं जाऊन बसले. ते चालवायला बसले, वर्षानं चावी त्यांच्या हातात दिली. ती तिथंच थांबली. आम्ही दोघं उतार चढून वर गेलो, गाडी वळवली आणि खाली निघालो. लोह्याच्या दिशेनं रस्ता मोकळा होता. वेग वाढला, कडेचे ढीग पळायला लागले, तो वास आत आला. माझे हात आपसूक पदराकडं गेले. मी ते मांडीवर दाबून धरले आणि डोळे उघडे ठेवले.

त्यांनी ब्रेक दाबला. गाडी नाकासमोर सरळ थांबली, बरोबर त्या जागेशी. इकडं नाही की तिकडं नाही.

"लागला," ते म्हणाले.

"लागणारच. मी वर्षभर सांगून ऱ्हायले की तुमचा पाय ब्रेकवर होता. बघितलं होतं ना मी."

"तू काय बघितलं गं? डोळे मिटलेले होते तुझे. तोंडावर पदर होता. हिरवा."

म्हणजे या माणसाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माझी सँडल, संदीपशी घातलेला वाद, सगळं खोटं आहे हे ठाऊक असून ते वर्षभर गप्प बसले होते. आणि मग एकदम दुसरी गोष्ट डोक्यात शिरली.

"अहो, थांबा. ट्रॉली पुढं होती. ढीग डावीकडं होता. गाडी तुम्हीच वळवली ना? मग तुम्हाला माझा पदर कसा दिसला?"

"मी न्हाई वळवली. ती आपणच डावीकडं वढली," रस्त्याकडं बघत ते म्हणाले. ढिगापलीकडून वर्षा आणि सोजरबाई हात हलवून बोलावत होत्या.

"पाय देऊन बघितला. लागंना," ते म्हणाले. "मग रस्त्याकडं बघून काय करायचं होतं?"